भंडारदऱ्याला रेल्वेनं जाऊन दाखवा!

इटलीत मिलानहून गाडीत बसलेली एकटी बाई तासाभरात कोमो सरोवराकाठी वारेन्नाला उतरते. रील बघून आपण हळहळतो. आणि आपलं भंडारदरा? 1926 ला विल्सन धरण पूर्ण झालं, खालचा ऊस त्या पाण्यावर पोसला. पण अकोले तालुक्यात आजही रेल्वेचा एक रूळ नाही! जवळचं स्टेशन इगतपुरी, तेही नाशिक जिल्ह्यात. पुढे एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर जीपवाला म्हणेल तो भाव. एकट्या पोरीने यायचं कसं?

पुणे-नाशिक रेल्वेने संगमनेरपर्यंत तरी गाडी आली असती. तर खोडदच्या दुर्बिणीचं कारण सांगून मार्गच शिर्डीकडे वळवला. दुर्बीण जपाच, तिच्याशी आपलं भांडण नाही. पण तिला वळसा घालून संगमनेर गाठता येतं की नाही, ते नकाशा टेबलावर ठेवून सांगा ना साहेब!