श्रमदानाचे घर कोणाचे?

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात झालेल्या भूकंपात सुमारे पाच लाख घरे जमीनदोस्त झाली, आणि त्यांतील बहुतेक घरे दगडमातीची होती. साहजिकच पहाडातल्या सामान्य कुटुंबाच्या मनात मातीविषयी जी धास्ती बसली, ती किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडील शेतकऱ्याच्या मनात बसलेल्या धास्तीहून निराळी नव्हती. १९९३ सालच्या गणेशविसर्जनानंतरच्या त्या पहाटे ज्या भिंतींनी आणि माळवदांनी हजारो निद्रिस्त जीव गाडले, त्यांत अपराध मातीचा नव्हता; अपराध होता तो एकमेकांत न गुंतलेल्या दगडांचा, भिंतींना बांधून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्याच्या अभावाचा आणि छतावरच्या मातीच्या अवजड थराचा. परंतु ज्याने आपले माणूस ढिगाऱ्यातून बाहेर काढले, त्याच्यापुढे हा कार्यकारणभाव मांडणे कठीणच असते.

असे असताना, त्याच नेपाळात माती पोत्यांत भरून उभारलेल्या काही वास्तू त्या धक्क्यातून बचावल्या, आणि पुढे शासनाने मंजूर केलेल्या नमुना-आराखड्यांतही या पद्धतीला स्थान मिळाले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ‘अर्थबॅग’ या नावाने ओळखली जाणारी ही रीत दिसायला साधी आहे. धान्याची किंवा सिमेंटची विणलेली पोती घ्यावयाची, वाळू अधिक व चिकणमाती कमी अशी किंचित ओलसर माती त्यांत घमेल्याने भरावयाची, जोत्याच्या थरांत ओल चढू नये म्हणून मातीऐवजी खडी भरावयाची, आणि विटांप्रमाणेच सांधे मोडून थरावर थर रचावयाचे. प्रत्येक दोन थरांमध्ये काटेरी तार अंथरलेली असते; तिचे काटे खालच्या व वरच्या पोत्यांत रुततात आणि धक्का बसला असता थर एकमेकांवरून सरकू देत नाहीत. मातीची परीक्षाही हातानेच होते: ओल्या मातीचा गोळा वळून खांद्याच्या उंचीवरून सोडावा, त्याचा भुगा झाला तर माती कोरडी किंवा वाळूसर, नुसताच चपटा झाला तर ओल अधिक, आणि चार-दोन ढेकळे झाली तर काम सुरू करावे. मग धुम्मसाचे घाव बसू लागतात. आरंभी आवाज बोदा येतो, आणि माती आवळत गेली की तोच आवाज टणक होतो. कुठे थांबावे हे चांगला गवंडी डोळ्यांपेक्षा कानांनीच ठरवतो.

इराणी वास्तुविशारद नादेर खलीली यांनी कॅलिफोर्नियातील हेस्पेरिया येथे या विद्येला शास्त्रशुद्ध रूप दिले, आणि १९९५ साली इराणच्या खुझिस्तान प्रांतात इराकी निर्वासितांनी त्यांच्या पद्धतीने घुमटाकार निवारे उभारले. २००४ साली त्या कार्याला आगाखान वास्तुपुरस्कार लाभला. मला त्या कार्यातील सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट, की ज्यांना तेथे राहावयाचे होते त्यांनीच आपल्या हातांनी भिंती उभ्या केल्या.

भूकंपानंतर नेपाळात देशोदेशींचे स्वयंसेवक आले. त्यांच्या सद्भावनेविषयी मला आदर आहे, आणि ही पद्धत त्यांना सोयीची का पडली हेही उघड आहे: हिच्यात कौशल्याचा भाग थोडक्यांनी सांभाळला तर उरलेले श्रम नवख्याला करता येतात. परंतु पंधरवडाभर राबून पाहुणे आपल्या देशी निघून जातात आणि घरमालक मात्र त्या काळात चहा करणारा यजमान होऊन बसतो, तेव्हा भिंत त्याची होत नाही. पुढे कुठे गिलावा सुटला आणि उघडे पोते उन्हाने विरू लागले, म्हणजे काय करावे हे त्याला ठाऊक नसते. तो कुणाची तरी वाट पाहत राहतो. किल्लारीनंतर बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, आणि इतर शेकडो गावांत लोकांनी अर्थसाहाय्य घेऊन आपापली घरे जागच्या जागी सावरली. या दुसऱ्या वाटेने गेलेल्याला आपल्या भिंतीत पट्टा कुठे आणि सळई कुठे हे सांगता येते, आणि ते ज्ञान घराइतकेच मौल्यवान आहे असे मी मानतो.

आपल्या शेतकऱ्याला सावड परकी नाही, नेपाळच्या पहाडात तिलाच पर्मा म्हणतात. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या. या व्यवहारात कुणी दाता नसतो व कुणी याचक नसतो. घर बांधण्याच्या श्रमदानाला हीच शिस्त हवी. महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे गावोगाव भरतात. त्यांतील काहींनी एखाद्या भूमिहीन कुटुंबाची एक खोली हाती घ्यावी, परंतु कामाची सूत्रे गावच्या गवंड्याकडे असावीत, त्याला त्याचा पूर्ण रोज मिळावा, आणि ओळंबा घरमालकाच्या किंवा मालकिणीच्या हाती असावा. विद्यार्थ्यांनी माती चाळावी, पोती भरावी, धुम्मस चालवावा व शिकावे. ज्या घरी त्यांनी काम केले त्या घरच्या माणसांनी पुढच्या घरी काही दिवस राबावे, हा करार आरंभीच व्हावा.

सरकारी दफ्तराकडूनही एक अपेक्षा आहे. भूकंपानंतर घरबांधणीसाठी नेपाळने तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान तीन हप्त्यांत दिले आणि पुढचे हप्ते अभियंत्याच्या पाहणीशी जोडले. आपल्या घरकुल योजनेतही पक्के घर म्हणजे सिमेंटचेच घर ही समजूत दूर सारून, अभियंत्यांनी तपासलेल्या पोत्यांच्या घराला मंजुरी द्यावी. पाहणी मात्र कडक असावी: पायाची, दारे-खिडक्यांवरील पट्ट्याची, कोपऱ्यांतील आधारांची. आणि अखेरचा हप्ता बाहेरचा गिलावा पुरा झाल्याचा दाखला मिळाल्यावाचून देऊ नये, कारण आपल्याकडच्या उन्हात उघडे राहिलेले पोते काही महिन्यांतच विरते, आणि मग पहिल्या पावसाला तो थर उघडा सापडतो.