मजुरीचा रकाना

आपल्या महाविद्यालयात वर्षातून आठ-दहा जयंत्या-पुण्यतिथ्या साजऱ्या होतात. फोटोला हार घालतात, दोन भाषणे होतात, चहा होतो. शेतमजुरांसाठी आयुष्य वेचलेल्या एकाही माणसाचा फोटो मात्र मी तेथे पाहिलेला नाही. म्हणून गोदावरी परुळेकर यांच्याविषयी लिहीत आहे.

गोदावरीबाईंचा जन्म १९०७ चा, पुण्याचा. पूर्वाश्रमीच्या त्या गोखले. कायद्याची पदवी घेतलेल्या. मनात आणले असते तर सुखाने वकिली करता आली असती. पण त्या भारत सेवक समाजात गेल्या, पुढे किसान सभेत आल्या आणि १९४५ पासून पती शामराव यांच्यासह ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये राहिल्या. तेथे लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापोटी नवराबायको दोघेही त्याच्या घरी राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज कधी फिटतच नसे, कारण हिशेब सावकाराच्या हातात होता.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला एका गोष्टीचे विशेष वाटते. त्या चळवळीची मागणी मोघम नव्हती, ती आकड्यांत होती : ५०० पौंड गवत कापणीला अडीच रुपये. वजन ठरले, दर ठरला, म्हणजे मालकाची मेहेरबानी संपली. त्या मागणीपायी संप झाले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार होऊन पाच आदिवासी मारले गेले. तरीही वेठ मोडली. १९६५ साली शामराव तुरुंगातच वारले. बाई मात्र १९९६ मध्ये निधन होईपर्यंत काम करीत राहिल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हे पुस्तक मी गेल्या वर्षी वाचले आणि तेव्हापासून मला आमच्या घरची वही आठवते.

आमची थोडी शेती आहे, ती चुलते पाहतात. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. माझे अक्षर बरे म्हणून सुट्टीत मजुरीची वही मी लिहितो. पुरुषाला ५००, बाईला ३००. भांगलण बाईच करते, आणि वाकून करते. कोणी आजारपणाला ‘उचल’ घेतली की ती मी लाल शाईने लिही. पण आठवडाभर मजुरी थकली, तर ती कुठेच लिहीत नसे. एकदा एका बाईने विचारले, ‘‘तम्मा, नन्न हेसरिन मुंद एन् बरदी?’’ म्हणजे, माझ्या नावापुढे काय लिहिलेस? मी म्हणालो, ‘‘उचल.’’ तिची सहा दिवसांची मजुरी आम्ही देणे होतो. त्याबद्दल मी काही बोललो नाही.

वर्गात आम्हाला शिकवतात की थकलेली मजुरी ‘देणे’ बाजूला दाखवायची. परीक्षेत मी ती बरोबर दाखवतो. घरच्या वहीत मात्र मजूर आमचा ऋणको होता, आम्ही त्याचे ऋणको कधीच नव्हतो. वेठबिगार निर्मूलनाचा आणि समान वेतनाचा असे दोन्ही कायदे १९७६ साली झाले. माझ्या वहीपर्यंत ते पोचले नव्हते.

आण्णांचे म्हणणेही मी ऐकले आहे. ‘‘उसाचे बिल महिना-महिना येत नाही, खताचे भाव चढलेत. मी कुठून देऊ?’’ ते खोटे नाही. लहान शेतकऱ्याची ओढाताण मी घरातच पाहतो. पण खतवाल्याचे बिल आण्णा चुकवत नाहीत, कारण तो पुढचे पोते देणार नाही. थांबायला सांगतात ते फक्त बाईला, कारण ती थांबते. आपल्यावरचा अन्याय तिच्या पदरात टाकणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

आपल्या अंकाचे दोन विभाग आहेत. भाषेच्या प्रश्नावर दोन्हीकडे तावातावाने लिहिले जाते. पण मराठीत जी मजुरी तीच कन्नडमध्ये कूली, आणि मराठी मालक असो वा कन्नड, बाईचा दर कमीच असतो. त्यावर कोणत्याच विभागात लेख नाही.

माझी एक सूचना आहे. वाणिज्य मंडळाने पुढच्या वर्षी आसपासच्या पाच गावांतले शेतमजुरीचे दर गोळा करावेत : पुरुषाचा, बाईचा, कामाचे तास आणि थकबाकी. प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे आणि तो तक्ता याच अंकात दोन्ही भाषांत छापावा. गोदावरीबाईंचा गौरव करायचा तर तो असा व्हावा.

दिवाळीच्या सुट्टीत मी वहीत ‘देणे’ असा एक रकाना आखला. आण्णा पाहून म्हणाले, ‘‘शिकवलं ते आमच्यावरच उलटलं.’’ पण त्यांनी तो खोडला नाही. बाईचा दर अजून ३०० च आहे. तो मी पुन्हा काढणार आहे.

— एक विद्यार्थी, बी. कॉम. द्वितीय वर्ष