फंड कापला, पण सूट मिळाली का?

जुलै आला की जयपूरच्या उकाड्यात आमच्या ऑफिसात रिटर्नची घाई सुरू होते. काल साताऱ्याचा एक नाईक म्हणाला, "साहेब, पगारातून फंड कापतातच की, सूट आपोआप मिळणार." नाही रे बाबा! २०२३-२४ पासून आपण काही निवडलं नाही तर न्यू रेजीमच लागते, आणि तिच्यात एएफपीपी फंडावर सूट नाही. ८०सीची दीड लाखापर्यंतची वजावट हवी तर ओल्ड रेजीम निवडून ३१ जुलैच्या आत रिटर्न भरायचं. मुदत चुकली की ती निवडच गेली. बर्फातल्या चौकीवरच्या जवानाने ही तारीख कशी गाठायची? फॉर्म १६ येताच दोन्हीकडचा हिशोब युनिटनेच करून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या नाईकाला न्यू रेजीमच स्वस्त पडली, ते वेगळं.