‘एकट्याने केलं’चं एवढं काय कौतुक?

असं थंबनेल तुम्हीही पाहिलं असेल. घरासमोर उभी असलेली जुनी कार, तिच्याखालून बाहेर डोकावणारे कुणाचे तरी पाय आणि वर ठळक अक्षरांत ‘गॅरेजला टाटा! सायलेन्सर बदलला घरीच, तोही एकट्याने!’ यातल्या ‘घरीच’ला माझे पैकीच्या पैकी मार्क. ‘एकट्याने’चे मात्र कापले पाहिजेत.

आधी ‘घरीच’बद्दल बोलू. बाबांनी वापरून आपल्याकडे आलेली मारुती नाहीतर अल्टो अचानक ट्रॅक्टरसारखी आवाज करायला लागते, तेव्हा बहुतेक वेळा सायलेन्सर सडलेला असतो. का सडतो, माहितीये? एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांबच्या प्रवासात ती वाफ बाहेर पडते. पण घर ते कॉलेज एवढीच फेरी असेल तर पाइप नीट तापतच नाही, पाणी आत साचतं आणि गंज आतूनच लागतो. कोकणात आणि गोव्यात खारी हवा बाहेरूनही हात धुऊन मागे लागते. हे एकदा कळलं की गॅरेजमध्ये ‘सगळंच बदलावं लागेल’ असं ऐकवलं तरी आपण दोन प्रश्न विचारू शकतो. ‘ताई, भावाला पाठव, त्याला समजेल’ हे ऐकून कंटाळलेल्या मुलींसाठी तर पाना हातात घेणं हेच उत्तर आहे. म्हणून शिका, नक्की शिका.

काम तसं समजायला सोपं आहे. आदल्या रात्री गंजलेल्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. रबरी हँगरला साबणाचं पाणी लावलं की ते सुटतात. जुने गॅस्केट पुन्हा वापरायचे नाहीत. नवा पाइप आधी सैल बसवायचा, सगळं सरळ रेषेत आलं की मगच पुढून मागे आवळत जायचं.

आता ‘एकट्याने’कडे येऊ. हे सगळं करायचं ते गाडीखाली झोपून. मारुती 800 सारख्या चिमुकल्या गाडीचं वजनही 600 किलोच्या वर असतं. गाडीसोबत मिळतो तो जॅक टायर बदलण्यापुरता. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, असं मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. पण मॅन्युअल वाचतो कोण? आणि सायलेन्सरचं काम असं, की गंजलेला बोल्ट सुटावा म्हणून आपण जिवाच्या आकांताने पाना ओढतो. तो झटका थेट गाडीला बसतो. जॅक तिरका व्हायला तेवढं पुरतं. विटा रचून आधार देणं तर त्याहून वाईट, कारण वीट सांगून फुटत नाही.

त्या क्षणी शेजारी कुणी असेल तर हाक तरी ऐकू जाते. एकटे असाल तर फोन खिशात असूनही हात पोचेलच असं नाही.

दुसरा धोका दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. नवा पाइप बसल्यावर पहिली इच्छा होते गाडी चालू करून आवाज ऐकायची. बंद गॅरेजमध्ये किंवा बिल्डिंगच्या कोंदट बेसमेंटमध्ये हे कराल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गुंगी येते आणि आपल्याला काहीतरी होतंय, हे ओळखणारं डोकंच आधी बंद पडतं. अशा वेळी ‘अरे, बाहेर ये’ म्हणणारा दुसरा माणूस लागतोच.

तुम्ही म्हणाल, मित्राला बोलावलं की तो काम कमी आणि रील जास्त करतो. करू दे की! त्याचं काम फक्त शुद्धीवर असणं आणि शेजारी असणं एवढंच आहे. वर पाइप धरायला तिसरा हात मिळाला तर बोनस. आणि पूर्ण श्रेय हवं असेल तर घ्या की. पाना तुमच्याच हातात होता, हे तो रीलमध्ये दाखवेलच.

एक गोष्ट मात्र मित्र असला तरी करायची नाही. आवाज ‘दमदार’ व्हावा म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायचा नाही. 1995 मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, तो सगळ्यांच्या फुप्फुसांसाठी. प्रदूषणाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्यात 10 हजार रुपयांपर्यंत दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी गाडीखाली जाणार असाल तर सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा, जॅक स्टँड आणा, डोळ्यांवर चष्मा चढवा. आणि या सगळ्याच्या आधी एक फोन करा. ‘ये रे दोन तास, चहा माझ्याकडून.’ यात कमीपणा कसला? गॅरेजमधले मुरलेले मिस्त्रीसुद्धा हाताखाली एक पोरगा ठेवतातच ना?