पीआर झालं, मग मतदार यादीतलं नाव का सोडता?

कॅनडाच्या पोर्टलवर फोटो आणि तिथला पत्ता भरला, सीओपीआर हाती आलं, आता पीआर कार्ड टपालाने येईल. मुबारक! पण मित्रांनो, 'आता भारतातल्या निवडणुकीशी आपला काय संबंध?' हे बोलणं बंद करा.

पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिलात तर दर्जा टिकतो. नागरिकत्वाच्या अर्जासाठी १,०९५ दिवस लागतात. तोवर कॅनडाच्या संसदेसाठी तुम्हाला मत नाही. तुम्ही भारताचेच नागरिक आहात.

२०१० च्या कायदा दुरुस्तीने परदेशातल्या भारतीय नागरिकांना पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवण्याचा हक्क दिला. फॉर्म ६अ ऑनलाइन भरता येतो. मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन केंद्रावर यावं लागतं. ही अट जाचक आहे, ती बदलायला लावू. पण यादीत नावच नसलेल्यांचं कोण ऐकणार?

मोहल्ल्यातली नावं यादीतून गळाली की आपण आवाज उठवतो. स्वतःचं नाव आपणच गळू दिलं, तर तो आवाज कोणत्या तोंडाने उठवायचा?

पीआरची शेवटची पायरी फॉर्म ६अ आहे. तो आजच भरा.