जुन्या धरणांची निगा

नळाची तोटी फिरवितांच पाणी येतें, आणि तें नित्य येतें म्हणूनच त्याचा विचार आपल्या मनांत येत नाहीं. तें ज्या भिंतीनें अडविलें आहे, तिचें वय काय व प्रकृति कशी, हें किती नागरिकांस ठाऊक असेल? विद्यार्थिमित्रांनो, या उपेक्षित विषयाकडे तुमचें व तुमच्या पालकांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुठा नदीवरील खडकवासल्याचें दगडी धरण १८७९ सालच्या सुमारास पुरें झालें. ऐंशीहून अधिक पावसाळे ती भिंत निश्चल उभी होती. 'इतकीं वर्षें टिकली, ती पुढेंही टिकेल,' असेंच कोणासही वाटलें असतें. परंतु १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या अंगास बांधकाम चालू असलेलें पानशेतचें मातीचें धरण फुटलें. त्याचा लोंढा खडकवासल्याच्या माथ्यावरून वाहिला व त्याच दिवशीं ती जुनी भिंतही भंगली. पुण्याच्या नदीकांठच्या पेठा बुडाल्या. आणि पुरानें ग्रासलेल्या त्याच शहरास पुढें पिण्याच्या पाण्याची चणचण भासली. यावरून बोध हा कीं, दीर्घायुष्य हें सामर्थ्याचें प्रमाणपत्र नव्हे. आणि एका धरणाची सुरक्षितता वरच्या धरणावरही अवलंबून असते.

धरण एका दिवसांत म्हातारें होत नाहीं. दगडी भिंतींतून झिरपणारें पाणी चुन्याचा अंश विरघळवून नेतें व सांधे पोकळ होतात. मातीच्या बांधावर झुडपें वाढलीं, कीं त्यांचीं मुळें आंत शिरतात. तीं कुजल्यावर पाण्यास आयती वाट मिळते. उंदीर-घुशींचीं बिळेंही तेंच काम करितात. दरवाजे गंजतात, सांडव्यांत झाडोरा सांचतो, तळाशीं गाळ बसतो. धरणांतून थोडें पाणी पाझरणें हें स्वाभाविक आहे. परंतु पाझर एकाएकीं वाढला, किंवा स्वच्छ पाणी गढूळ येऊं लागलें, तर भिंतीच्या आंतील माती वाहून जात आहे असें समजावें. हीं लक्षणें पाहण्यास नित्य फिरणारा दक्ष मनुष्य व त्याची नोंदवही यांची आवश्यकता असते.

वेळीच लक्ष दिल्यास काय साधतें, याचें उदाहरण प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण होय. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या या धरणाची भिंत १९६९ सालीं गळूं लागली; तेव्हां तिची मजबुती करण्यांत आली, आणि तें धरण आजही उभें आहे. उलटपक्षीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील बांध २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटला. गळतीविषयीं ग्रामस्थांनीं पूर्वींच तक्रार केली होती. तो बांध कांहीं फार जुना नव्हता. तरी किमान १९ जीव गेले. अर्थात् वयापेक्षांही उपेक्षा अधिक घातक होय.

कोणी म्हणतील, दुरुस्तीस पैसा कोठून आणावा? प्रश्न रास्त आहे. परंतु दरवर्षींची डागडुजी आणि फुटलेल्या धरणानें केलेला विध्वंस यांचा हिशेब एकदां मांडून पाहावा. खरी अडचण निराळीच आहे. नव्या धरणाच्या उद्घाटनास मंडप उभारतात, हारतुरे देतात. जुन्या धरणाचा दरवाजा वंगण घालून चालता ठेवणाऱ्या कामगाराचें नांवही कोणी विचारीत नाहीं. जोपर्यंत आपण बांधणाऱ्याइतकाच राखणाऱ्याचा मान करीत नाहीं, तोपर्यंत अंदाजपत्रकांत निगेचें कलम शेवटींच राहणार.

२०२१ सालच्या धरण सुरक्षा कायद्यानें मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर तपासणी करणें आणि संकटकाळाची योजना तयार ठेवणें मालकांवर बंधनकारक केलें आहे. परंतु कायदा कागदावरून बांधावर उतरावा, यासाठीं जागरूक नागरिक हवेत. पालकांनीं आपल्या नगरसंस्थेस व आमदारांस विचारावें कीं, आमच्या धरणाची यंदाची तपासणी झाली काय? तींत कोणते दोष आढळले? ते केव्हां दूर होणार? धोक्याची सूचना खालच्या गांवांस कोण व कशी देणार?

आणि मुलांनो, तुम्हीं पुढील सहलींत धरणावर जाल तेव्हां केवळ सांडव्याची शोभा पाहून परतूं नका. भिंतीचा पायथा कसा राखला आहे, तें दुरून तरी न्याहाळा. तेथील रखवालदारास त्याचें काम आदरानें विचारा. तुमच्यांतूनच उद्यांचे इंजिनिअर व नगरसेवक व्हावयाचे आहेत. पूर्वजांनीं बांधून दिलेलें पाणी पुढच्या पिढीच्या हातीं सुखरूप सोंपविणें, हें नवें धरण बांधण्याहून लहान काम नव्हे.