२८ दिवसांचा महिना

आंबागडहून तुमसरच्या बाजारात बसणाऱ्या कारागिराला आता रोख मोजणारे गिऱ्हाईक कमी भेटते. बांगड्यांची जोडी असो की चारशेची शिलाई, गिऱ्हाईक मोबाईल पुढे करते. मोबाईलवरचे इंटरनेट ही आता चैन राहिली नाही, तराजूइतकीच ती धंद्याची वस्तू झाली आहे. तिच्या भावाचे नियम कोण करतो, याकडे मात्र आपल्या व्यापारी बांधवांचे लक्ष नाही.

कंपन्यांच्या चढाओढीने इंटरनेट स्वस्त झाले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९९५ मध्ये मोबाईल आला तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. ते मे २००३ पासून बंद झाले, दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे 'ट्राय'च्या नियमामुळे. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून देशभर कंपनी बदलता येऊ लागली. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसरीच्या ग्राहकाला फोन केला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे १४ पैसे द्यायचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रायने त्याचे ६ पैसे केले आणि जानेवारी २०२१ पासून ती आकारणीच काढून टाकली. नव्या कंपनीची वाट अशी नियमांनी मोकळी झाली, म्हणून चढाओढ टिकली.

आता ती मंदावली आहे. बाजारात तीनच मोठ्या खाजगी कंपन्या उरल्या, आणि जुलै २०२४ मध्ये तिघींनी पाठोपाठ दर वाढवले. त्यात महिना २८ दिवसांचा! म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. मापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कोणती ताकीद आहे, हे आपल्या दुकानदारांना सांगायला नको. ३० दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवावा, असा हुकूम ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये काढला. पण रिचार्जवाला तो स्वतःहून दाखवील तर शपथ! मागूनच घ्यावा.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणे व एसएमएस यांचा, ३६५ दिवसांपर्यंत चालू शकणारा वेगळा रिचार्ज बंधनकारक केला. घरच्या वडीलधाऱ्यांची सोय झाली, बांगडीवाल्याची नाही. त्याला रोजचा दीड जीबी नको. पैसे जमा झाले की नाही हे पाहण्यापुरते थोडे इंटरनेट हवे, पण ते वर्षभर चालले पाहिजे. असा एक स्वस्त प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे, असा नियम ट्रायने करावा.

मग टॉवरचा खर्च कसा निघायचा, असे कंपन्या विचारतील. दुर्गम भागातल्या सेवेसाठी २००२ पासून त्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा सरकारी निधीत घेतला जातो. त्याचेच नाव आता 'डिजिटल भारत निधी'. तो पैसा शेवटी आपल्याच रिचार्जमधून जातो. डोंगराआडच्या वस्त्यांत रेंज पोहोचवण्यासाठी तो वेळेवर खर्च व्हावा, ही मागणी खैरातीची नाही.

मोठा नियम करण्यापूर्वी ट्राय लेखी सूचना मागवते. कंपन्यांचे वकील तेथे पानेच्या पाने धाडतात. तुमसर-भंडाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी निदान एक पान तरी धाडावे, आणि त्यात आपला वर्षाचा रिचार्जखर्च आकड्यांत मांडावा.